‘प्रॅक्सिस’ला मराठीत काय म्हणायचं? कर्म, कृती, आचरण, व्यवहार की आणखी काही

बोरीकाठ

अमळनेरात ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र मराठीतून समजावून घ्यायचं काम चालू आहे. सहाव्या पुस्तकापाशी गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

ॲरिस्टॉटल माणसाच्या करण्याचे दोन प्रकार वेगळे काढतो. पोएसिस म्हणजे घडवणं. घर, जहाज, पादत्राण. तिथे साध्य करण्याच्या बाहेर असतं, घर उभं राहिलं की बांधणं संपतं. प्रॅक्सिस म्हणजे असं करणं, की ज्यात नीट करणं हेच साध्य असतं. मित्राला दिलेला शब्द पाळणं, लढाईत जागा न सोडणं, न्यायाने वाटा देणं. तिसरी थिओरिया, म्हणजे जे बदलत नाही त्याचं नुसतं पाहणं. तिला ‘दर्शन’ म्हणून भागतं. भांडण प्रॅक्सिसचं आहे.

‘कर्म’ घेतलं तर ते कपाळावर हात मारून ‘माझं कर्म!’ असं म्हणण्याकडे घसरतं. ‘कृती’ घेतली तर पाककृतीच्या पुस्तकातलं ‘साहित्य आणि कृती’ आठवतं, म्हणजे ती सरळ पोएसिसकडे जाते. ‘आचरण’ फार खाजगी आहे. सोवळं, सदाचार एवढ्यापुरतं. ‘व्यवहार’ मराठीतल्या डाव्या लेखनात रुळलेला आहे, पण बाजारात व्यवहार म्हणजे पैशाची देवघेव. आणि अमळनेरला आणखी एक अडचण. १९१६ साली प्रताप शेठजींच्या आधाराने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, त्याचा भर अद्वैत वेदान्तावर होता. त्या वाचनात मुरलेल्या माणसाला ‘व्यावहारिक’ म्हटलं की ‘पारमार्थिकाच्या खालचं’ असंच ऐकू येतं. शब्द जन्मतःच एक पायरी उतरलेला.

जो शब्द सुचवाल तो तीन ठिकाणी घासून बघा: ॲरिस्टॉटलच्या सहाव्या पुस्तकावर, मार्क्सच्या जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखवरच्या १८४५च्या पहिल्या टिपणावर, आणि आपल्याकडच्या एखाद्या खऱ्या कामावर. कुठे फाटतो तेही लिहा.

शाबर

बोरीकाठ भाऊ, शब्द शोधण्याआधी आपल्याकडे ‘करणं’ कसं सोडवून दाखवलं आहे ते मांडतो. हे काम सगळ्यात बारकाईने मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञविधीच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांनी, केलं. ‘दर्शपूर्णमासाभ्यां स्वर्गकामो यजेत’ (स्वर्ग हवा असलेल्याने दर्शपूर्णमास याग करावा) या वाक्यातलं ‘यजेत’ घ्या. त्यातल्या प्रत्ययाचा अर्थ ते ‘भावना’ असा करतात, म्हणजे काहीतरी घडून यावं यासाठीचा कर्त्याचा व्यापार. या भावनेला तीन प्रश्न लागतात. किं भावयेत्, काय साधायचं? स्वर्ग. केन भावयेत्, कशाने? यागाने. कथं भावयेत्, कसं? त्याचं उत्तर म्हणजे प्रयाज (मुख्य यागाआधीच्या आहुती) वगैरे सगळी अंगं, आणि त्यांचं नाव इतिकर्तव्यता.

‘इतिकर्तव्यता’ हा शब्द मराठीत फार उतरला. ‘निवेदन दिलं, इतिकर्तव्यता संपली’ असं आपण म्हणतो, म्हणजे ‘माझ्याकडून झालं’. मूळ अर्थ नेमका उलटा आहे: ‘असं असं करायचं’ याची पूर्ण रीत. पाककृतीत ज्याला आपण ‘कृती’ म्हणतो, ती खरी इतिकर्तव्यता. ‘साहित्य’ साधनाकडे जातं.

क्रमाचा विचार तर आजही उपयोगी आहे. श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती या सहांवरून आधी काय आणि मग काय ते ठरतं. विरोध आला तर आधीचं बलवान. ‘अग्निहोत्रं जुहोति, यवागूं पचति’ हे नेहमीचं उदाहरण. पाठात होम आधी आणि लापशी शिजवणं नंतर आहे. पण होमच लापशीचा करायचा आहे, म्हणून शिजवणं आधी. इथे अर्थ, म्हणजे प्रयोजन, पाठाला हरवतं. लिहिलेल्या क्रमाला चिकटून काम बिघडवणाऱ्याला हे उत्तर केव्हाच दिलेलं आहे.

आता मूळ प्रश्न. साध्य आत की बाहेर, हा प्रश्न मीमांसक विचारत नाहीत. ते विचारतात प्रधान, म्हणजे मुख्य कर्म, कोण आणि त्याला मदत करणारं अंग कोण. त्यामुळे ॲरिस्टॉटलची फाळणी इथे जशीच्या तशी बसत नाही. पण एक जागा अगदी जवळ येते. काम्य कर्म, उदाहरणार्थ पाऊस यावा म्हणून केलेली कारीरी इष्टी, सगळ्या अंगांसकट झालं तरच फळ. एक अंग राहिलं तर फळाचा हक्क नाही. नित्य कर्म, जसं रोजचं अग्निहोत्र, यथाशक्ति चालतं. एखादं अंग जमलं नाही तरी प्रधान सोडायचं नाही. साळी मिळाल्या नाहीत तर नीवार (रानभात) घ्या, पण थांबू नका. काम्य कर्म पोएसिससारखं, वस्तू पुरी झाली तरच झाली. नित्य कर्म प्रॅक्सिससारखं, प्रसंगात जेवढं शक्य तेवढं नीट करणं हेच पूर्ण करणं. माझं मत: प्रॅक्सिसला एक शब्द देऊच नये, ‘नित्य’ आणि ‘काम्य’ ही जोडी टिपांमध्ये वापरावी.

खापर

शाबर भाऊ, तुमच्या तीन प्रश्नांना खापरावरच्या मांड्यांवर लावून बघते. किं? मांडे. केन? कणीक, पुरण, उलटं खापर, चूल. इथपर्यंत ठीक. कथं? इथे सगळं अडतं.

लिहिता येतं ते एवढं: गहू ओलवून, वाळवून, बारीक दळायचे आणि पीठ कापडाने चाळायचं. कणीक सैल भिजवून, तेल-पाणी लावत खूप मळायची, मग झाकून मुरू द्यायची. पुरण कोरडं आटवायचं, पळी उभी राहिली पाहिजे. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, आधी तळहातांवर, मग मनगटावरून कोपरापर्यंत झेलत मांडा वाढवायचा आणि तापल्या खापरावर अंथरायचा.

बिघडतं ते कुठे? कणीक मुरली नसेल तर मांडा वाढतो आणि परत आकसतो. पुरणात ओल राहिली तर मधोमध फाटतो. पुरणात डाळीचा एक अख्खा दाणा राहिला तर त्याच जागी भोक. खापर कमी तापलं तर चिकटतो, जास्त तापलं तर अंथरताच डाग पडतात आणि कडा कच्च्या राहतात. यातलं ‘मुरली’, ‘कोरडं’, ‘तापलं’ हे प्रत्येक वेळी हाताने ओळखायचं. पीठ बदललं, हवा बदलली, लाकूड बदललं की माप बदलतं. इतिकर्तव्यता कितीही लांब लिहा, शेवटच्या पायरीला हातच लागतो.

इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलने १९४५च्या व्याख्यानात आणि मग १९४९च्या पुस्तकात हेच दाखवलं. ‘अमुक असं आहे’ हे माहीत असणं आणि ‘कसं करायचं’ हे येणं, या दोन गोष्टी वेगळ्या. शहाणपणाने केलेल्या प्रत्येक कामाआधी मनात नियम म्हणावा लागत असेल, तर तो नियम शहाणपणाने लावण्यासाठी आणखी एक नियम लागेल, त्याला आणखी एक. काम सुरूच होणार नाही.

म्हणून ॲरिस्टॉटलच्या ‘टेक्ने’ला, म्हणजे घडवण्याच्या जाणकारीला, ‘तंत्र’ म्हणू नका. तंत्र कागदावर उतरतं. मराठीत ‘हातोटी’ आहे, ‘हात बसणं’ आहे. तेच घ्या.

बोरीकाठ

खापर ताई, ‘हातोटी’ला माझी एक शंका आहे. ॲरिस्टॉटल टेक्नेत ‘लोगोस’ मागतो. का केलं ते सांगता आलं पाहिजे. नुसत्या सरावाच्या माणसाला ‘हे केलं की ते होतं’ एवढंच ठाऊक असतं, टेक्ने असलेल्याला कारण ठाऊक असतं आणि म्हणून तो शिकवू शकतो. हातोटीत कारण सांगण्याची अट नाही.

खापर

बिघाडाची कारणं वर सांगितलीच की. कणीक आकसते ती का, हे हातोटी असलेली बाईच सांगते. आणि ती शिकवतेही, सुनेचा हात धरून.

पिलबाग

मी ‘फ्रोनेसिस’बद्दल, म्हणजे प्रसंगात काय करावं हे ओळखण्याच्या बुद्धीबद्दल, लिहितो, कारण त्याशिवाय प्रॅक्सिस कळत नाही. मराठीत त्याला ‘विवेक’ म्हणतात, पण विवेक म्हणजे आत्मा आणि अनात्मा वेगळे काढणं, तो वर ओढला जातो. ‘शहाणपण’ फार पसरट. माझा शब्द ‘तारतम्य’. तर आणि तम, म्हणजे कमी-जास्त ओळखणं. ॲरिस्टॉटलचा मध्य अगदी हाच: योग्य वेळी, योग्य माणसाशी, योग्य प्रमाणात. नियम मोडत नाही, पण नियमाने भागत नाही तिथे तारतम्य लागतं.

रावेर-यावलकडच्या केळीवर घासून बघतो. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ झाडं बसतात, सहा बाय पाचवर १,४५२. हे गणित आहे, इथे तारतम्य नको. मृगबाग लावली, ढगाळ दमट हवा धरली आणि कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅकचा विषाणू. मावा तो पसरवतो आणि आसपासच्या काकडीवर्गी वेलांवर, मिरची-टोमॅटोवर तो टिकून राहतो. झाडावर इलाज नाही. झाड उपटून बागेबाहेर नेऊन पुरायचं, बांधावरचं तण काढायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा. हे सर्वांना माहीत असतं. पण किती पट्टे दिसले म्हणजे उपटायचं? ताणाने किंवा अन्नद्रव्याच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं. घाई केली तर चांगली झाडं जातात, उशीर केला तर शेजारच्या ओळी जातात. ॲरिस्टॉटल म्हणतो की तरुण माणूस गणितात पारंगत होऊ शकतो, फ्रोनेसिसमध्ये नाही, कारण ती एकेका प्रसंगाशी असते आणि एकेक प्रसंग ओळखायला काळ जावा लागतो. ते इथे दिसतं.

आता दुसरी गाठ. झाड रोगट आहे हे कळलं, उपटलं पाहिजे हेही कळलं, तरी माणूस आठवडाभर उपटत नाही. ॲरिस्टॉटल याला ‘अक्रासिया’ म्हणतो. त्याच्या मते कृतीच्या अनुमानात निष्कर्ष वाक्य नसतो, कृतीच असते. ‘रोगट झाड उपटावं, हे झाड रोगट आहे’ यापुढची पायरी म्हणजे उपटणं. पाय अडतो तेव्हा दुसरं वाक्य असून नसल्यासारखं झालेलं असतं, झोपेतल्या माणसाला श्लोक पाठ असावा तसं.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं, उत्तर मला जास्त कामाचं वाटतं. त्यांच्याकडे माणूस कामाला हात घालतो त्यासाठी तीन ज्ञानं लागतात. याने मला हवं ते साधेल (इष्टसाधनता), हे माझ्याने होण्यासारखं आहे (कृतिसाध्यता), आणि यातून फायद्याहून मोठं नुकसान ओढवणार नाही (बलवदनिष्टाननुबंधित्व). मग इच्छा, मग प्रयत्न, मग हातपाय हलणं. उपटणं अडलं तर तिघांपैकी कोणतं ढिलं पडलं ते शोधता येतं. बहुतेकदा तिसरं: प्रत्येक झाडामागे गेलेला पैसा डोळ्यांसमोर असतो. कधी दुसरं: मजूर मिळत नाही. दोन्हींना दोन वेगळे उपाय आहेत. ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा हे बरं.

लळिंग

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते प्राचीन आणि आधुनिक यांच्यातली खरी भेग तिथेच आहे. करणारा कोण?

ॲरिस्टॉटलचं प्रॅक्सिस स्वतंत्र नागरिकाचं आहे. गुलाम त्याच्या लेखी प्रॅक्सिससाठीचं जिवंत अवजार. मीमांसेत ‘अधिकार’ नावाचा अख्खा विचार आहे: फळाची इच्छा, सामर्थ्य आणि विद्या असेल त्याला कर्माचा अधिकार. स्त्रीला पतीबरोबर अधिकार आहे असं मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी मान्य करतात. शूद्राला मात्र नाही. लक्षात घ्या, त्याच सूत्रांमध्ये बादरी नावाच्या आचार्यांचं मत नोंदलेलं आहे की अधिकार सर्वांना आहे. पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचं मत, म्हणून नोंदलं आणि बाजूला सारलं. म्हणजे वेगळा विचार सुचलाच नव्हता असं कोणी म्हणू नये.

मार्क्सने १८४५च्या वसंतात फॉयरबाखवर अकरा छोटी टिपणं लिहिली. एंगल्सने ती १८८८ साली स्वतःच्या पुस्तकाला जोडून छापली. पहिल्यात तक्रार अशी आहे की आधीच्या जडवादाने जगाकडे नुसतं पाहण्याची वस्तू म्हणून पाहिलं, माणसाची इंद्रियगोचर क्रिया म्हणून नाही. आठव्यात तो सगळं सामाजिक जीवन मुळात प्रॅक्टिकल असल्याचं म्हणतो. इथे नांगरणारा, विणणारा, गिरणीत उभा असलेला माणूस प्रॅक्सिसच्या आत आला. पोएसिस आणि प्रॅक्सिसमधली भिंत पडली. म्हणून ‘आचरण’ इथे टिकत नाही, आणि ‘नित्य-काम्य’ ही जोडीही नाही, शाबर भाऊ. कारण ती अधिकाराच्या कुंपणातली जोडी आहे.

राजकीय विचारवंत हॅना आरेंटने १९५८ साली ती भिंत पुन्हा बांधली, पण तीन खोल्या करून. माझे मराठी शब्द असे: मजुरी, कारागिरी, कर्तृत्व. मजुरी म्हणजे पोटासाठी पुन्हा पुन्हा करावं लागणारं, मागे काही न उरणारं. स्वयंपाक, निंदणी. कारागिरी म्हणजे टिकणारी वस्तू. कर्तृत्व म्हणजे चारचौघांत, बोलून, नवं काही सुरू करणं. कर्तृत्वाचे दोन धोके ती सांगते: केलेलं मागे घेता येत नाही, आणि त्यातून काय निघेल ते आधी कळत नाही. पहिल्यावर उपाय क्षमा, दुसऱ्यावर वचन.

अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे १९४७मध्ये पंढरपूरला विठ्ठलमंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. ते या तिसऱ्या अर्थाने कर्तृत्व आहे आणि बादरींचा बाजूला सारलेला पक्ष रस्त्यावर उभा करणंही आहे. ‘अधिकार’ हा शब्द मंदिराच्या दारात नेऊन विचारला.

खापर

लळिंग भाऊ, बाकी मान्य, पण स्वयंपाक ‘मागे काही न उरणारं’ कसं? मांडा खाल्ला जातो, हात उरतो. आणि तो पुढच्या पिढीच्या हातात जातो. आरेंटच्या पहिल्या खोलीत बायकांचं जवळपास सगळं काम कोंबलं जातं. नीतितत्त्वज्ञ मॅकिंटायरचा १९८१चा विचार इथे जास्त न्याय करतो: एखाद्या परंपरेने चालत आलेल्या कामाला त्याची आतली श्रेयं असतात, जी ते काम करूनच मिळतात आणि करणाऱ्यालाच ओळखता येतात, पैसा, नाव ही बाहेरची. त्याचं उदाहरण बुद्धिबळाचं आहे. आधी खाऊच्या आमिषाने खेळणारं पोर खाऊसाठी लबाडी करू शकतं. डावाची गोडी लागली की लबाडीने ते स्वतःलाच हरवतं.

लळिंग

ताई, हे मान्य करतो. ‘मजुरी’ हा शब्द ठेवतो, त्यातली उदाहरणं बदलतो. स्वयंपाक काढून ठोक्याने होणारी कापूस वेचणी घालतो. पण मॅकिंटायर सलगम लावण्याला ‘शेती’ या मोठ्या कामाचा तुकडा समजतो, स्वतंत्र काम नाही. वेचणाऱ्या बाईला त्या शेतीच्या आतल्या श्रेयात वाटा आहे का, हा प्रश्न त्याच्याकडे नीट येत नाही.

बोरीकाठ

गीतेशिवाय हा धागा अपुरा राहील, आणि गीतेचं एक मोठं मराठी वाचन खानदेशातच झालं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात चौथ्या अध्यायातल्या ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ विनोबा परंपरेहून वेगळा करतात. शंकराचार्यांकडे विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबांकडे विकर्म म्हणजे विशेष कर्म: बाहेरच्या कर्मात मन ओतणं. कर्म आणि विकर्म मिळालं की अकर्म, म्हणजे कर्माचं ओझं उतरणं.

हे ॲरिस्टॉटलच्या दुसऱ्या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणाशेजारी ठेवा. तो म्हणतो, वस्तू चांगली आहे की नाही हे वस्तूकडे बघून कळतं. पण न्यायाचं काम न्यायाने झालं की नाही यासाठी करणाऱ्याकडे बघावं लागतं: त्याला काय करतोय ते ठाऊक आहे का, त्याने ते त्या कामासाठीच निवडलं का, आणि ते पक्क्या ठेवणीतून आलं का. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात. विनोबांचं विकर्मही बाहेरून दिसत नाही.

शाबर

भाऊ, शेजारी ठेवा, पण चिकटवू नका. एक चूक फार होते: ‘साध्य बाहेर नाही’ म्हणजेच ‘फळाची आशा नाही’ असं धरून प्रॅक्सिस आणि निष्काम कर्म एक करतात. ॲरिस्टॉटलचा माणूस इच्छा सोडत नाही. त्याची इच्छा वळण लागलेली असते, आणि नीट करण्यात त्याला सुख वाटणं हीच त्याची खूण आहे. गीतेतला माणूस तेच युद्ध करतो, पण सुखदुःख समान धरून. शिवाय अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. ‘मीच केलं’ म्हणणारा त्या पाचांतल्या एकालाच सगळं देतो. ॲरिस्टॉटलकडे मात्र निवडीचा उगम माणूसच आहे. हा फरक भाषांतरात बुजला तर दोन्ही बाजू नासतील.

पिलबाग

शाबर भाऊंच्या ‘वळण’वरून सुचलं. ॲरिस्टॉटलच्या ‘हेक्सिस’ला, म्हणजे वर आलेल्या पक्क्या ठेवणीला, ‘सवय’ म्हणू नये. सवय आपोआप लागते, नखं खायचीही लागते. ‘अंगवळणी पडणं’ घ्या. त्यात अंग आहे, वळण आहे आणि वेळ आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूने १९७२ साली ‘हॅबिटस’ हा शब्द नव्याने चालवला, त्याला नुसतं ‘वळण’. ‘घरचं वळण’ म्हणतो तेव्हा ते घराने, जातीने, ऐपतीने आपल्याला न विचारता लावलेलं असतं, नेमकं तेच त्याला म्हणायचं आहे. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनचा मुद्दा, की नियम पाळणं ही एकट्याची एकदाच केलेली गोष्ट असू शकत नाही, त्याला ‘वहिवाट’. बांधावरची पायवाट एकदा चालून वहिवाट होत नाही.

बोरीकाठ

‘वहिवाट’ लगेच घेतला. मसुद्यात सध्या असं धरतो: फ्रोनेसिस म्हणजे तारतम्य, हेक्सिस म्हणजे अंगवळण, पोएसिस म्हणजे घडवणं. आरेंटसाठी मजुरी, कारागिरी, कर्तृत्व. प्रॅक्सिससाठी ॲरिस्टॉटलपुरतं नुसतं ‘करणं’. साधं मराठी क्रियापद, ना कर्माचं ओझं ना आचरणाचं सोवळं. ‘घडवणं आणि करणं’ ही जोडी वाचताना कानालाही कळते. मार्क्सपाशी ‘व्यवहार’च ठेवतो, पहिल्या उल्लेखाला टीप देऊन की इथे पैशाची देवघेव नाही आणि व्यावहारिक सत्ताही नाही. नित्य-काम्य टिपेत, आणि त्याच टिपेत बादरी.

‘टेक्ने’ची जागा कोरी ठेवली आहे.

खापर

कोरी ठेवू नका, ‘हातोटी’ लिहा आणि लोगोसची अट तिच्या खाली लिहा. फाटलं कुठे ते पुढच्या प्रकरणांत दिसेलच. दुसऱ्या पुस्तकात बांधणारे बांधून आणि लायर वाजवणारे वाजवून शिकतात ते वाक्य आहे, तिथे ‘तंत्र’ घालून एकदा मोठ्याने वाचा.

बोरीकाठ

वाचलं. ‘हातोटी’ लिहिलं आहे, खाली अटीसकट.